फादरांच्या कॉलेजात इंजिनिअरिंग

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागले की शेंद्र्याची एमआयडीसी मागे पडते आणि करमाड येते. २००१ मध्ये या पट्ट्यात स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, २०१५ मध्ये पर्किन्सच्या इंजिनांचा कारखाना सुरू झाला, २०१९ च्या सप्टेंबरात ऑरिक या औद्योगिक शहरातल्या ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. ज्या शिवारात कपाशी आणि मका दिसायचा, तिथे आता कंपन्यांच्या भिंती दिसतात. अशा गावात बारावी सायन्सच्या मुलाला 'पुढे काय' असे कोणी फारसे विचारत नाही. विचारतात ते 'कुठे' एवढेच. घरात कॉलेजांची यादी होऊ लागली की कोणीतरी नातेवाईक मुंबईतल्या 'फादरांच्या कॉलेजा'चे नाव काढतो आणि तिथून ऐकीव माहितीचा पाऊस सुरू होतो. ख्रिस्ती असल्याशिवाय घेत नाहीत म्हणे. सकाळी प्रार्थना म्हणावी लागते म्हणे. डोनेशनशिवाय पान हलत नाही म्हणे.

या तिन्ही 'म्हणे'ंची छाननी अर्ज भरण्याआधी करायला हवी, कारण त्यातले एकही धड खरे नाही. आणि जे खरे आहे, ते या गप्पांत सहसा येतच नाही.

पहिली गोष्ट संस्थेच्या स्वरूपाची. कॅथलिक विद्यापीठ म्हणजे चर्चने किंवा एखाद्या धर्मसंघाने स्थापलेले आणि चालवलेले विद्यापीठ. त्याने काय करावे, कसे वागावे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये एका स्वतंत्र आदेशपत्रात सांगितले आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग शिकायचे म्हटले तर मात्र मुलांच्या वाट्याला येते ते कॅथलिक विद्यापीठ नव्हे, कॅथलिक संस्थेचे कॉलेज. पदवीवर नाव मुंबई किंवा नागपूर विद्यापीठाचे, प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून आणि फीवर सरकारी नियंत्रण. हा फरक कागदी वाटतो, पण सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

कॉलेजे कोणती, तेही नावानिशी पाहू. वांद्र्याला बँडस्टँडजवळ एग्नेल परिवाराचे फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे, १९८४ चे. याच एग्नेल परिवाराचे दुसरे कॉलेज वाशीला, १९९४ चे. बोरिवलीला फ्रान्सिस्कन ब्रदर्सचे सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट १९९९ पासून, कुर्ल्याला सालेशियन फादरांचे डॉन बॉस्को इन्स्टिट्यूट २००१ पासून, माहीमला जेझुइटांचे झेवियर इन्स्टिट्यूट २००५ पासून. नागपूरला वर्धा रस्त्यावर पॅलोटाइन फादरांचे सेंट व्हिन्सेंट पॅलोटी कॉलेज २००४ मध्ये सुरू झाले. गोव्यात वेर्णे, फातोर्डा आणि आसगाव इथे अशी कॉलेजे आहेत, पण तिथल्या जागांवर पहिला हक्क गोव्यात राहणाऱ्यांचा, तेव्हा करमाडच्या घराने त्यांच्या भरवशावर बसू नये.

या कॉलेजांचा पूर्वेतिहास थोडा वेगळा आहे आणि तो माहीत असलेला बरा. आपल्याकडे १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांची जी लाट आली, तिच्यात अनेकांनी आधी इमारत बांधली, मग मशीन आणले. कॅथलिक संस्थांची वाट बहुतेक उलटी होती. वांद्र्याचा एग्नेल आश्रम १९५० च्या दशकात अनाथ मुलांसाठी निघाला. मुलांना हाताला काम हवे म्हणून तांत्रिक शिक्षण आले, आणि पदवीचे कॉलेज त्यानंतर कितीतरी वर्षांनी. माहीमच्या झेवियर्स टेक्निकल इन्स्टिट्यूटची सुरुवात १९३६ ची, तीही रेडिओ इंजिनिअरिंग शिकवण्यासाठी. त्याच आवारात पुढे पदवीचे कॉलेज उभे राहिले. डॉन बॉस्को हे नाव ज्या इटालियन धर्मगुरूचे, ते जॉन बॉस्को एकोणिसाव्या शतकात तुरीन शहरात रस्त्यावरच्या पोरांना चांभारकाम, शिवणकाम शिकवायचे आणि मालकाने पोराला राबवून घेऊ नये म्हणून त्याच्याशी लेखी करार करून द्यायचे. कुर्ल्याचे त्यांच्या नावाचे कॉलेज ज्या रस्त्यावर आहे त्याचे नावही योगायोगाने प्रीमियर ऑटोमोबाइल्स रोड. पद्मिनी गाड्यांचा कारखाना तिथलाच.

म्हणजे या परंपरेत वर्कशॉपला मान जुना आहे. म्हणून आजही प्रत्येक कॉलेजात लेथ झगझगीत असेल असे नाही. ते जाऊनच पाहावे लागते. पण चौकशीला गेल्यावर पहिल्यांदा प्राचार्यांच्या केबिनपेक्षा वर्कशॉप बघायला मागावे, हा सल्ला या कॉलेजांच्या बाबतीत दुप्पट लागू पडतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हाच धागा आणखी जवळ सापडेल. जालना तालुक्यातल्या कडवंचीची द्राक्षे आणि शेततळी बघायला लोक लांबून येतात. त्या गावचे पाणलोटाचे काम ज्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून झाले, तो उभा करण्यात अहमदनगरला आयुष्य घालवलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर पुढे होते. पाणी अडवणे हेही इंजिनिअरिंगच. जेझुइट म्हटले की फक्त इंग्रजी शाळा आठवणाऱ्यांनी एकदा कडवंचीला चक्कर मारावी. करमाडहून ते काही फार लांब नाही.

आता प्रवेश. इथे सावकाश वाचावे, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक समाजांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. वर सांगितलेली महाराष्ट्रातली कॉलेजे या हक्काखाली ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था म्हणून चालतात. अशा विनाअनुदानित कॉलेजात ५१ टक्के जागा त्या समाजाच्या, महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. काही जागा संस्था पातळीवर भरल्या जातात. उरलेल्या जागा सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, सगळ्यांसाठी खुल्या असतात. अल्पसंख्याक कोट्यातल्या जागांनाही पुरेसे उमेदवार मिळाले नाहीत तर त्या पुढे इतरांकडे वळतात. म्हणून हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन अशी सगळ्या धर्मांची मुले या वर्गांत बसलेली दिसतात. 'ख्रिस्ती असल्याशिवाय घेत नाहीत' हे वाक्य इथेच निकाली निघते.

पण दुसरी बाजू आहे आणि ती काउन्सेलिंगच्या दुकानांत कोणी आपणहून सांगत नाही. २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या, आरक्षणाला मुभा देणाऱ्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्थांना वगळले आहे. त्यामुळे या कॉलेजांत एससी, एसटी, ओबीसी, एसईबीसी अशा प्रवर्गांच्या वेगळ्या जागा नसतात. करमाडची एखादी ओबीसी मुलगी संभाजीनगरच्या शासकीय कॉलेजाचा कटऑफ आपल्या प्रवर्गाच्या रकान्यात बघते. वांद्र्याच्या कॉलेजासमोर तिला तो रकानाच सापडणार नाही. तिथे तिची स्पर्धा खुल्या गुणवत्तेशी. पर्सेंटाइल तितका नसेल तर पसंतीक्रमात ही नावे वरच्या बाजूला लिहून मनाचे समाधान होईल, दुसरे काही नाही.

फीच्या सवलतीचा विषय मात्र जागेच्या आरक्षणापेक्षा वेगळा आहे आणि पुष्कळ पालक इथे दोन्हींची गल्लत करतात. कॅपमधून प्रवेश मिळाला असेल, तर प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार मिळणारी शिष्यवृत्ती वा फीमाफी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अल्पसंख्याक कॉलेजातही मिळते. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरते. ही योजना जाहीर झाल्यावर गावोगावी फलक लागले, पण फलकावर न मावलेली अट अशी की संस्था पातळीवरच्या जागेला ती लागू नाही, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. याशिवाय प्रत्येक शाखेत मंजूर संख्येच्या पाच टक्के जादा जागा टीएफडब्ल्यूएसच्या असतात. त्यात उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या गुणवान मुलाला शिक्षण शुल्क माफ होते, पण मग मध्येच कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. इतर शुल्क भरावेच लागते, हेही लक्षात असू द्यावे. ख्रिस्ती आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिचाही अर्ज महाडीबीटीवरच.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक खास सूचना. मराठवाड्यात कॅथलिक आहेत (औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला) आणि प्रोटेस्टंट चर्चची कुटुंबेही जालना-संभाजीनगर भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सीईटी कक्षाच्या माहितीत कॉलेजासमोर अल्पसंख्याक दर्जा लिहिलेला असतो. तिथे सगळे ख्रिस्ती म्हटले आहे की फक्त रोमन कॅथलिक, ते बघूनच कोट्यावर हिशोब मांडावा. दुसरे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद काय आहे ते आजच काढून पाहावे. रविवारी चर्चमध्ये आणि दाखल्यावर 'हिंदू', अशी घरे या भागात नवी नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. म्हणजे ख्रिस्ती अल्पसंख्याक कोटा आणि एससीचे लाभ हे दोन्ही एकाच वेळी एकाच मुलाला मागता येत नाहीत. कोणता रस्ता कायदेशीरपणे आपला आहे, हे घरात बसून प्रामाणिकपणे ठरवावे. पडताळणीत खोटे उघडे पडले तर प्रवेश जातो आणि वर्षही.

परीक्षेबद्दल थोडक्यात. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न एकेका गुणाचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण वीस टक्के वजन, बाकी बारावीला. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची, आणि तो पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने अकरावीपासूनच गणिते इंग्रजीतून सोडवायची सवय करावी.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना आणखी एक खबरदारी. २०२५-२६ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. 'वरती टाकून ठेवू, मिळालं तर बघू' या वृत्तीला आता जागा उरली नाही. मुंबईत राहण्याचा खर्च झेपणार नसेल तर माहीम किंवा बोरिवली पहिल्या सहात लिहूच नये. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. मोबाइल दुकानात अर्ज भरून देणाऱ्या पोरावर ते सोपवू नये.

डोनेशनचे काय? महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीविरोधी कायदा आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजाची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती जाहीर असते. त्यापेक्षा जास्त कोणी मागितले तर पावती मागावी. पावती न देणारा माणूस कॉलेजाचा नसून दलाल असण्याची शक्यता मोठी, आणि अशा माणसाच्या हाती शेंद्र्याच्या भूसंपादनाचे पैसे देणारी घरे याच पट्ट्यात भेटतात. संस्था पातळीवरच्या जागेसाठी कॉलेज आपली जाहिरात काढते, अर्ज मागवते आणि गुणवत्तेनुसार यादी लावते. तो रस्ता उघड आहे, दलालाची गरज त्यात कुठेच नाही.

धर्माची शंका बहुतेक आजीआजोबांकडून येते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. घटनेचे कलम २८(३) स्पष्ट आहे: सरकारमान्य संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या, आणि अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, त्यात बायबलचा पेपर नाही. आवारात चॅपल असते, कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेने होते, नाताळची धामधूम असते, आणि सरस्वतीचा फोटो नसल्याचे एखाद्याला जाणवतेही. इतपत वेगळेपण सोसणार असेल तर पुढे अडचण नाही. खरी अडचण बहुधा इंग्रजीची. वांद्र्याच्या कॅन्टीनमध्ये पहिले दोन-तीन महिने करमाडचा मुलगा गप्प बसतो, वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. त्याची तयारी बारावीनंतरच्या सुटीत करता येते.

राहण्याचा हिशोब फीपेक्षा जड जातो. चौकशीत पहिला प्रश्न हॉस्टेलचा असावा: कॉलेजाचे स्वतःचे आहे का, मुलींचे आहे का, पहिल्या वर्षाला मिळते का. नाही म्हणाले तर वांद्र्यात खोली बघण्याच्या फंदात पडू नये. शक्य त्यांनी लोकलच्या लांबच्या स्टेशनांवर, चार-पाच जणांत खोली घ्यावी. वाशीचे कॉलेज या दृष्टीने थोडे सोपे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज बरेच जण केवळ माहीत नसल्याने करत नाहीत. येण्याजाण्याचा त्रास मात्र कमी झाला आहे. तपोवन आणि देवगिरी होत्याच. वंदे भारत २०२३ च्या डिसेंबरअखेरीस जालन्याहून सुरू झाली, आता ती नांदेडहून निघते आणि दादरला थांबते. संभाजीनगरला जाऊन गाडी धरावी. नागपूरच्या पॅलोटी कॉलेजाला जायचे तर समृद्धी महामार्गामुळे बसचा प्रवास पूर्वीच्या मानाने निम्म्यावर आला आहे, आणि राहणेही मुंबईपेक्षा स्वस्त.

ज्यांना खरोखर 'कॅथलिक विद्यापीठ'च हवे, त्यांच्यासाठी देशात जवळचे मोठे नाव बेंगळुरूचे क्राइस्ट. १९६९ चे कॉलेज, २००८ पासून अभिमत विद्यापीठ, इंजिनिअरिंग केंगेरीच्या आवारात. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या चाचणी-मुलाखतीतून, हजेरीची अट ८५ टक्के आणि शिस्त त्याच मापाची. महाराष्ट्राची फीसवलत तिथे लागू नाही, म्हणजे पूर्ण फी खिशातून. ज्या घराला ती सहज झेपते त्याने जरूर विचार करावा, कर्ज काढून मात्र नको.

परदेशात ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाने १८७३ मध्येच इंजिनिअरिंग सुरू केले. तिथे इंजिनिअर होणाऱ्यालाही तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे कोर्स करावे लागतात, त्याचा धर्म कोणताही असो. भारतातल्या कॉलेजात नसलेली सक्ती तिथे अभ्यासक्रमातच आहे, हे अर्ज करणाऱ्याने आधीच मान्य केलेले बरे. सिलिकॉन व्हॅलीतले जेझुइटांचे सांता क्लारा १८५१ चे, त्याचे इंजिनिअरिंग १९१२ पासून. एमएससाठी भारतीय मुले तिथे बरीच जातात. बेल्जियमचे लूव्हन १४२५ मध्ये स्थापन झाले. नावात कॅथलिक असले तरी ते सरकारी पैशावर चालणारे, संशोधनात अग्रेसर विद्यापीठ आहे आणि त्याच्या ग्रुप टी आवारात इंग्रजीतून इंजिनिअरिंगची पदवी करता येते. बारावीनंतर लगेच ही उडी फार थोड्यांना जमते. पदवीनंतर एमएससाठी विचार केला तर पर्याय वाढतात.

मग करमाडच्या घराने करावे काय? संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून वीसएक किलोमीटरवर उभे आहे. तिथे मनासारखी शाखा मिळत असेल तर मुंबईच्या नावासाठी ती सोडण्यात अर्थ नाही. विशेषतः मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेणाऱ्याने तर नाहीच, कारण इंटर्नशिपचे कारखाने घरापासून सायकलच्या अंतरावर आहेत. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे ओढा आहे, खुल्या यादीत टिकेल असा पर्सेंटाइल आहे आणि कॅपमधून जागा मिळते आहे, तर वांद्रे, वाशी, माहीम, बोरिवली, कुर्ला ही नावे निःसंकोच वर लिहावीत. तिथल्या कंपन्या आणि तिथली सोबत यांचा फायदा होतो. ख्रिस्ती विद्यार्थ्यासाठी ५१ टक्क्यांचा कोटा ही खरी संधी आहे आणि मराठवाड्यातून ती फार कमी घेतली जाते. पण संस्था पातळीवरच्या महाग जागेसाठी जमीन विकायची असेल, तर उत्तर स्वच्छ 'नाही' असे आहे. चार वर्षांनी शेंद्र्यातल्याच मुलाखतीत संभाजीनगरात शिकलेले आणि मुंबईत शिकलेले अशी दोन्ही मुले शेजारी बसतील.

डिप्लोमाचा रस्ताही विसरू नये. शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला याच कॉलेजांत येता येते, सीईटीशिवाय, डिप्लोमाच्या गुणांवर. दहावीनंतर घराजवळ राहून तीन वर्षे काढलेली मुले वर्कशॉपमध्ये बारावीवाल्यांपेक्षा बरीच सराईत असतात.

आणि एक काम निकालाची वाट न बघता आजच करण्यासारखे: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, जात आणि जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर हे कागद एका फाइलमध्ये काढून प्रत्येकावरची नावाची अक्षरे ताडून पाहावीत. नावात एका अक्षराचा फरक निघाला तर दुरुस्तीला आठवडे जातात, आणि जून-जुलैत तहसील कार्यालयात सगळ्या जिल्ह्याची रांग असते.